डावीकडेच वळायचं ना, मग महिनाभर गॅरेजात करतात काय?

पेठकर_परदेशी
नमस्कार मंडळी. मे महिन्यात मेव्हण्याकडे कोलंबसला गेलो होतो (इंडियानातलं कोलंबस, ओहायोतलं नव्हे, तिकीट काढताना मी तोच घोळ घालणार होतो). मेव्हणा कमिन्समध्ये (डिझेल इंजिनवाली कंपनी), कोथरूडहून तिकडे गेलेल्यांची तिथे चांगली मोठी वस्ती आहे, रविवारी मिसळ खायला बोलावणारे तीन जण निघाले. तिथून तासाभराच्या अंतरावर इंडियानापोलिसचा स्पीडवे. ५०० मैलांच्या रेसच्या आधीच्या आठवड्यात ओळखीतून गॅरेजचा पास मिळाला. त्या भागाला गॅसोलीन ॲली म्हणतात.

आत काय बघितलं ते सांगतो. एका गॅरेजात गाडी स्टँडवर चढवलेली, वरचं कव्हर काढून बाजूला ठेवलेलं. चाळिशीचा एक मेकॅनिक मागच्या उजव्या चाकाला हाताने झटका द्यायचा आणि खिशात हात घालून ते थांबेपर्यंत बघत उभा राहायचा. चाक थांबलं की खाली वाकून आत काहीतरी करायचा, परत झटका, परत खिशात हात. मी घड्याळ लावून बघितलं, वीस मिनिटं हेच चालू होतं. शेजारच्या गॅरेजात दोघं जण गाडीच्या नाकाडावरून बोटं फिरवत होते, जसं आपण साडीचा पोत बघतो तसं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, ॲक्सिलरेटर दाबून धरायचा आणि डावीकडे वळायचं, यात एवढी तयारी कसली?" मला उत्तर देता आलं नाही, पण पटलंही नाही. जिंकल्यावर दुधाची बाटली ड्रायव्हर पितो, पण रेस त्या खिशात हात घातलेल्या माणसाने जिंकलेली असते असं मला उगाच वाटत राहिलं. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि मुख्य म्हणजे तो चाक का फिरवत होता??

मिश्किल_मावशी
वीस मिनिटं चाक फिरवायचे पगार मिळतात? आमच्याकडे हे काम नातू फुकटात करतो.

मोनॅको_पंत
मेव्हण्याशी सहमत. गोल गोल फिरणं ही रेस नाही, जत्रेतला पाळणा आहे. फॉर्म्युला वन बघा, उजवी वळणं, डावी वळणं, ब्रेकिंग, पाऊस. असल्या लंबगोल ट्रॅकवर, म्हणजे ओव्हलवर, ब्रेक लावायचा तो फक्त पिटात (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी) शिरताना.

तिरकाआकडा
पंत आले, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

नट_बोल्ट
पेठकर, धाग्याबद्दल आभार. मी दोन सीझन तिकडे इंडीकारच्या (ही रेस ज्या सिरीजमधली ती) खालच्या सिरीजमधल्या एका टीमबरोबर होतो (नाव सांगत नाही, कारण पुढे माझीच एक फजिती सांगायची आहे), त्यामुळे थोडं लिहितो.

पंत, तुमचंच वाक्य उलटं करून सांगतो. वळण एकाच बाजूला आहे म्हणूनच गाडी एकाच बाजूसाठी बनवता येते. रोडकोर्सची (दोन्हीकडे वळणं असलेल्या ट्रॅकची) गाडी डावी-उजवी सारखी असावी लागते, म्हणजे प्रत्येक गोष्टीत तडजोड. ओव्हलची गाडी मुद्दाम वाकडी असते. मागून बघाल तर चारही चाकं वरच्या बाजूने डावीकडे झुकलेली, जणू काही सगळ्यांनाच शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगायचंय. म्हणजे उजवी चाकं आत कललेली, डावी बाहेर. वळणात गाडी उजवीकडे दबते तेव्हा टायरचा पूर्ण पट्टा रस्त्यावर बसावा म्हणून. सरळ रस्त्यावर ही गाडी सोडून दिली तर ती आपोआप डावीकडे जाते, ड्रायव्हरला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावं लागतं. सरळ जायला उजवीकडे, आणि वळायला हात सैल सोडायचा.

आणि सगळ्यांत गमतीची गोष्ट म्हणजे मागची दोन चाकं सारख्या मापाची नसतात. उजवं मोठं असतं. याला स्टॅगर म्हणतात.

कार्टीची_आई
माझी गाडी डावीकडे ओढते म्हणून मी मागच्या महिन्यात अलाइनमेंटवाल्याला साडेआठशे रुपये दिले. तिकडे तेच करायला इंजिनिअर ठेवलेत!! 😂

चाक मोठं असतं म्हणजे किती मोठं? ट्रॅक्टरसारखं?

नट_बोल्ट
नाही हो, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. टेपने घेर मोजावा लागतो. घरी करून बघा, स्टीलचं फुलपात्र घ्या, तोंड रुंद आणि बूड अरुंद असतं ते. फरशीवर आडवं करून ढकला. सरळ जात नाही, बुडाच्या बाजूला गोल फिरत येतं. मागचा ॲक्सल म्हणजे तेच फुलपात्र समजा, उजवं चाक म्हणजे तोंड आणि डावं म्हणजे बूड.

आपल्या गाडीत डिफरन्शिअल असतो, वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. ओव्हलवर तो काढून टाकतात, त्याजागी स्पूल, म्हणजे दोन्ही चाकं एकमेकांना बांधलेली, एक फेरी याची तर एक फेरी त्याची. मग बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचंय ते कसं कापणार? घेरच मोठा ठेवायचा.

खळ्यावरचा
हे वाचून हसू आलं. आमच्याकडे मळणीला तिवड्याला बैल बांधायचे तेव्हा आजोबांचा नियम ठरलेला होता, तिवड्याजवळ म्हातारा बैल, त्याला जागच्या जागी फिरायचं असतं, आणि कडेला सगळ्यांत तगडा आणि लांब ढांगेचा, कारण त्याला सगळ्यांत जास्त चालायचंय. एकदा मी चुकून तरणा खोंड आत बांधला तर सगळी रांग तिरपी झाली आणि आजोबांनी मलाच तिवड्याला बांधायचं बाकी ठेवलं. म्हणजे हा स्टॅगरच की.

नट_बोल्ट
दंडवत घ्या. मी दोन वर्षं ज्यांना हे समजावत होतो त्यांना तिवडा माहीत असता तर माझं किती काम हलकं झालं असतं.

गणित_मास्तर
आकडा काढून बघू या. इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, चार वळणं, प्रत्येक वळण पाव मैल लांब आणि काटकोनाचं. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, म्हणजे त्रिज्या आली साधारण २५६ मीटर. दोन मागच्या चाकांमधलं अंतर १.७ मीटरच्या आसपास धरू. तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साधारण ०.६६ टक्के जास्त चालावं लागतं. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर फरक येतो १४-१५ मिलिमीटर. व्यासात बघाल तर ५ मिलिमीटरसुद्धा नाही. हे नुसतं भूमितीचं उत्तर झालं, टीमवाले त्यात काय कमीजास्त करतात ते नट_बोल्ट सांगतील.

आणि पंतांसाठी: ताशी २२५ मैलांनी (३६२ किमी) या वळणात गेलं तर चारपट गुरुत्वाकर्षणाएवढा दाब बाजूने येतो. वळणाचा उतार फक्त ९ अंश १२ मिनिटं, त्याची मदत फार नाही. एक फेरी ४० सेकंदांची, त्यात चार वेळा हे, अशा २०० फेऱ्या. जत्रेतला पाळणा मला हवा तसा आहे, मुलांना मी यात बसवणार नाही.

मोनॅको_पंत
मास्तर, आकडे मान्य. तरी कंटाळवाणं ते कंटाळवाणं.

सांगलीकर_ऊस
अवांतर, पण राहवत नाही. या गाड्या कशावर पळतात माहितीय का? २०२३ पासून शेलचं पूर्ण नवीकरणीय इंधन आहे आणि त्यातला मोठा भाग उसाच्या राहिलेल्या चोथ्यापासून केलेलं इथेनॉल. म्हणजे गाळप झाल्यावर जे उरतं ते. आमच्याकडे कारखान्याच्या मागे डोंगर असतात त्याचे. पुढच्या वेळी ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या लावून हायवे अडवला म्हणून शिव्या देताना हे लक्षात ठेवा, ते रेसचं पेट्रोल चाललेलं असतं.

मिश्किल_मावशी
तरीच त्या ट्रॉल्या डाव्या लेनमधून उजवीकडे वळतात.

जुनी_वही
इंधनावरून आठवलं. पूर्वी तिकडे बरीच वर्षं मिथेनॉल होतं आणि मिथेनॉलची ज्वाळा दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१ मध्ये पिटात इंधन सांडलं आणि रिक मीअर्स हा ड्रायव्हर पेटला, पण आजूबाजूच्यांना आधी कळेचना की हा माणूस उड्या का मारतोय. थोडक्यात बचावला.

आणि पेठकर, तुमच्या मेव्हण्याला सांगा की "तयारी कसली" हा प्रश्न त्याने स्वतःच्या कंपनीत विचारावा. १९३१ मध्ये कमिन्सची डिझेल गाडी ५०० मैल न थांबता पळाली होती, एकदाही पिटात न येता, तेरावी आली. आणि १९५२ मध्ये तर त्यांच्या डिझेल गाडीने फ्रेड अगाबाशियनच्या हातात पोल घेतली, म्हणजे पहिल्या नंबरावरून सुरुवात. ट्रकच्या जातीचं सहा सिलिंडरचं इंजिन, गाडी बुटकी व्हावी म्हणून आडवं झोपवलेलं, आणि त्याला टर्बो. त्या रेसला टर्बो लावून आलेली ती पहिली गाडी. रेसमध्ये ७१ फेऱ्यांनंतर बाद झाली, कारण टर्बोच्या हवेच्या तोंडात ट्रॅकवरचा रबराचा चुरा जाऊन बसला. इंजिन धडधाकट होतं, श्वास कोंडला. एवढं सगळं जमवलं आणि हवा कुठून आत घ्यायची त्या जागेने घात केला.

पेठकर_परदेशी
अरे वा! हे मेव्हण्याला फॉरवर्ड केलंय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

नट_बोल्ट
काल अर्धवट सोडलं होतं, पुढे लिहितो. लांबण लागेल.

हॉटेलात टेबल डगमगतं तेव्हा वेटर एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो. त्या क्षणी तो टेबलाचं वजन एका कर्णावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी करत असतो. गाडीतही तसंच. सपाट, पाणसळ लावून समतल केलेल्या पॅडवर गाडी ठेवतात, चार चाकांखाली चार काटे, ड्रायव्हरच्या वजनाएवढं वजन सीटमध्ये आणि मग एका कोपऱ्याची स्प्रिंग किंचित पिळायची. त्या कोपऱ्यावर आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं, उरलेल्या दोघांवर कमी होतं. गाडीचं नाक वळणात आत जातं का बाहेर पळतं, ते यावर ठरतं. हे काम किती कंटाळवाणं असतं सांगू, पिळायचं, गाडी दाबून हलवायची म्हणजे सस्पेन्शन नीट बसतं, काटे वाचायचे, लिहायचे, परत पिळायचं. कोणी पॅडला टेकून उभा राहिला तरी मुख्य मेकॅनिक डोळे वटारायचा.

आणि हा पुठ्ठा ड्रायव्हरला चालत्या गाडीत कमीजास्त करता येतो, त्याला वेट जॅकर म्हणतात, स्टिअरिंगवर बटण असतं आणि मागच्या एका कोपऱ्याची उंची हायड्रॉलिकने बदलते. पुढचा-मागचा अँटी-रोल बारही (वळणात गाडी फार कलू नये म्हणून असतो तो दांडा) आतून बदलता येतो. टाकीत साडेअठरा गॅलन इंधन असतं, ते संपत जातं तशी गाडी हलकी होते, टायर झिजतात, ऊन ढगाआड जातं, वारा फिरतो, आणि दर वेळी ड्रायव्हर दोन बटणं दाबून गाडीची समजूत काढत असतो. पंतांना जो माणूस "नुसता दाबून बसलाय" असं दिसतो तो हे करत असतो.

आता फजिती. टायर आले की प्रत्येकाचा घेर मोजून खडूने वर लिहायचं हे सगळ्यांत नवख्या पोराचं काम, म्हणजे माझं. एका ओव्हलला मी सकाळी सावलीत डावे टायर मोजले आणि मध्ये कोणीतरी हाक मारली म्हणून गेलो. उजवे मोजले ते दुपारी, तोवर ते उन्हात तापून हवा वाढलेली. कागदावर सगळं झकास. गाडी ट्रॅकवर गेली, तीन फेऱ्यांत परत. ड्रायव्हर रेडिओवर म्हणतो, ही वळतच नाही. इंजिनिअरने स्प्रिंग बदलली, विंगचा कोन बदलला, वेट जॅकर बघितला, पाऊण तासाचं सेशन संपलं. शेवटी म्हाताऱ्या मेकॅनिकने न बोलता टेप घेतला, चारही टायर एकाच हवेला आणून मोजले आणि मी लिहिलेला आकडा अंगठ्याने पुसला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कार्टीची_आई
अंगठ्याने पुसला 😢 हे वाचून माझ्या पहिल्या नोकरीतला बॉस आठवला.

तिरकाआकडा
मापाचा विषय निघालाच आहे तर २०१९ चं फर्नांडो अलोन्सो प्रकरण. पंत, तुमच्या फॉर्म्युला वनचा दोनदा जगज्जेता, आणि मॅक्लारेनसारखी टीम. इंडियानापोलिसला आले आणि रेसला ज्या ३३ गाड्या घेतात त्यांतसुद्धा बसले नाहीत.

नंतर टीमचा प्रमुख झॅक ब्राउन यानेच कबूल केलं काय काय झालं ते. टेस्टिंगला जायची वेळ आली तरी स्टिअरिंग व्हील तयार नाही, ऐनवेळी दुसरीकडून मिळवलं. गाडीचा नारंगी रंग मॅक्लारेनचा नारंगी नव्हता म्हणून परत रंगवायला पाठवली. मग प्रॅक्टिसमध्ये अलोन्सोने एक गाडी भिंतीत घातली, तर बदली गाडी कुठे? ट्रॅकपासून अर्ध्या तासावर रंगाच्या दुकानात! क्वालिफाइंगच्या (रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेऱ्यांच्या) दिवशी टायर हळूहळू हवा सोडतोय, गिअर रेशो चुकलेला. आणि शेवटच्या दिवशी दुसऱ्या टीमकडून सेटअप मिळवला तो इंचात, यांचं सगळं मिलिमीटरमध्ये, रूपांतर करताना चूक झाली आणि गाडी खाली घासून ठिणग्या उडायला लागल्या. घाईघाईत दुरुस्त करून गेले.

कोणी बाहेर काढलं? हुंकोस नावाच्या छोट्या टीमच्या काइल कायझरने. त्यांची गाडी शुक्रवारी फुटली होती, पैसे नव्हते, रात्रंदिवस जागून दुसरी उभी केली. फरक किती? ताशी ०.०१९ मैल. दहा मैल पळून!

गणित_मास्तर
२२७ मैलांच्या वेगाला दहा मैलांत ०.०१९ चा फरक म्हणजे सेकंदाचा साधारण ७५ वा भाग. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

मोनॅको_पंत
मी त्या दिवशी टीव्ही बंद केला होता. यावर बोलणार नाही.

मिश्किल_मावशी
रंग जुळत नाही म्हणून परत पाठवणं मात्र मला पटलं. माझ्या ब्लाउजच्या बाबतीत हेच होतं, आणि टेलरही अर्ध्या तासावरच आहे.

जुनी_वही
गिअरचं थोडं सांगतो. सहा गिअर असतात, पण ट्रॅकवर खरा उपयोग वरच्या एक-दोन गिअरचा. पुढच्या गाडीच्या मागे लागून हवेचा आडोसा मिळाला की वेग वाढतो आणि इंजिन लिमिटरला (त्याच्या फिरण्याच्या ठरवलेल्या मर्यादेला) जाऊन आपटतं, समोरून वारा असला की तेच इंजिन दमतं. म्हणून वरचे गिअर अगदी जवळ जवळ ठेवतात, एक आडोशासाठी, एक एकट्यासाठी. रात्री वाऱ्याचा अंदाज बघून गिअरबॉक्स उघडून दाते बदलतात. सकाळी वारा फिरला की परत. आपल्याकडे कोकणात नाखवा जसा वारा बघून शीड ठरवतो तसंच हे, फक्त पाना घेऊन.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितोय. ते नाकाडावरून बोटं फिरवणारे दोघं काय करत होते?

नट_बोल्ट
लांबी (पुट्टी) भरलेली जागा तपासत होते. आपल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे बघा, लांबी घासून झाली की तो डोळे मिटून हात फिरवतो, कारण डोळ्यांपेक्षा बोटांना उंचवटा आधी लागतो. क्वालिफाइंगसाठी मागची विंग इतकी चपटी करतात की काही वेळा उलट्या कोनात जाते, म्हणजे हवेचा अडथळा कमीत कमी. मग उरतं काय? दोन पॅनेलमधली फट, स्टिकरची कड, स्क्रूचं डोकं. चॅसी सगळ्यांची एकच, दल्लाराची, इंजिन दोनच, होंडा नाहीतर शेवरले, टायर फायरस्टोनचे. मग पुढे जायचं कुठे? शॉकॲब आपापले बनवायची मुभा आहे, तिथे खरी गुपितं. आणि बाकी सगळं या फटींमध्ये. एक एक फट बुजवायला दिवस जातो.

तिरकाआकडा
आणि चुकीची फट बुजवली की नोकरी जाते. २०२५ आठवतंय ना? पेन्स्के टीमच्या न्यूगार्डन आणि विल पॉवरच्या गाड्या. मागे टक्कर झाली तर धक्का शोषून घेणारा एक भाग असतो, ॲटेन्युएटर, तो जसा दल्लाराकडून येतो तसाच लावायचा असा नियम. यांनी त्याच्या सांध्यात भरून गुळगुळीत केलेलं. सगळ्यांत वेगवान बारा गाड्यांच्या क्वालिफाइंगच्या तोंडावर पकडले गेले. दोन्ही गाड्या रांगेत सगळ्यांत मागे, प्रत्येकी एक लाख डॉलर दंड, आणि तीन दिवसांत टीमचे तीन मोठे अधिकारी घरी. मजा म्हणजे न्यूगार्डनची २०२४ ची जिंकलेली गाडी म्युझियममध्ये होती, लोकांनी तिचे फोटो काढून झूम केले तर तिथेही तेच.

आणि कहर म्हणजे सिरीजही रॉजर पेन्स्केचीच आणि ट्रॅकही त्याचाच. म्हणजे शाळा बापाची, परीक्षा बापाची, आणि कॉपी करताना सापडला घरचाच मुलगा.

सांगलीकर_ऊस
आमच्या तालुक्यात सापडला नसता.

कार्टीची_आई
पण त्या सांधा बुजवण्याने खरंच वेग वाढतो का? का उगाच?

नट_बोल्ट
त्या एका सांध्याने किती मिळत असेल यावर लोक वाद घालतात, मी ठामपणे सांगणार नाही. पण चार फेऱ्यांची सरासरी घेतात आणि २०२४ ची पोल ताशी २३४.२२० मैलांची होती, दशांशानंतर तीन आकडे का लिहितात ते वर अलोन्सोच्या गोष्टीत आलंच आहे. एका गोष्टीने काही होत नाही, अशा चाळीस गोष्टी करायच्या असतात. आणि बाकी खरं हेच: धक्का शोषणारा भाग आहे, तिथे हात लावायचा नसतो. फट कुठली बुजवायची हे ज्याला कळतं तोच चांगला मेकॅनिक.

गणित_मास्तर
थांबा थांबा. मला एक खटकतंय. पेठकर, तुम्ही लिहिलंत की तो मेकॅनिक मागचं उजवं चाक फिरवत होता. पण नट_बोल्ट म्हणतात मागची दोन्ही चाकं स्पूलने बांधलेली असतात. मग उजवं फिरवलं की डावंही फिरायला पाहिजे. तुमच्या लक्षात आलं होतं का?

पेठकर_परदेशी
अरेच्चा. फोनमध्ये अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आहे, आत्ता काढून बघितला. डावं चाक ढिम्म हलत नाहीये. उजवं एकटंच फिरतंय. आणि हो, मागे ट्रॉलीवर फडक्यात गुंडाळलेला एक दांडा दिसतोय, हाताएवढा, दोन्ही टोकांना गोळे.

नट_बोल्ट
मास्तर, शंभर मार्क. पेठकर, तो दांडा म्हणजे ड्राइव्हशाफ्ट. म्हणजे त्याने चाक गिअरबॉक्सपासून मुद्दाम सोडवलं होतं. आता त्या चाकाला अडवणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या, बेअरिंग आणि ब्रेक. तो तेच ऐकत होता.

बेअरिंग जरा जास्त आवळलं तर चाक घट्ट फिरतं, सैल ठेवलं तर वळणात चाक डुलतं. सीलचा रबर घासतो. ग्रीस जाड असलं तर ओढ वाढते. आणि ब्रेकचे पॅड, आपल्या गाडीत ते डिस्कला जवळजवळ टेकून असतात, म्हणून तर पायाला लगेच लागतात. इथे फेरीत ब्रेकच नाही, तर पॅड टेकायची गरज काय? मागे ढकलून ठेवतात, डिस्कला अजिबात शिवू नयेत म्हणून. परिणाम असा की पिटात शिरताना पहिल्यांदा पाय ठेवला तर पेडल सरळ खाली जातं, म्हणून ड्रायव्हर आधीच दोन-तीनदा पंप मारून पॅड जवळ आणतात. नवखा विसरतो आणि पिटाच्या तोंडावर घाम फुटतो.

चाक थांबताना कसं थांबतं यावर सगळं कळतं. हळूहळू मंदावून, शेवटी जड बाजू खाली येऊन किंचित मागे झुलून थांबलं तर मोकळं आहे. झुलायच्या आधीच एका जागी गप्पकन थांबलं तर काहीतरी शिवतंय. त्याने वाकून आत जे केलं ते पॅड नाहीतर सीलचं काहीतरी असणार. व्हिडिओत शेवटी चाक कसं थांबतंय?

पेठकर_परदेशी
तीनदा बघितला. थांबतं, मग किंचित मागे येतं, मग परत पुढे, मग थांबतं. आणि बरोबर त्याच वेळी तो खिशातून हात काढून पाना उचलतोय. मी नेमका तिथेच व्हिडिओ बंद केला, मला वाटलं आता काही होत नाहीये.

मोनॅको_पंत
हे मात्र आवडलं. (रेस अजूनही कंटाळवाणी.)

खळ्यावरचा
बैलगाडीचं वंगण भरल्यावर आजोबा चाक उचलून असंच फिरवायचे. कान लावून.

पेठकर_परदेशी
मेव्हण्याचं उत्तर आलं शेवटी. "१९५२ चं माहीत नव्हतं. पुढच्या मे मध्ये परत या, दोघं जाऊ." आणि तुमच्या सगळ्यांच्या कृपेने मी आत्ता खाली जाऊन ॲक्टिव्हा मधल्या स्टँडवर लावली आणि मागचं चाक फिरवून बघितलं. दीड फेरीत गप्पकन थांबलं. झुलणं वगैरे काही नाही. वॉचमन बघत होता, त्याने विचारलं काय करताय, मी म्हटलं ड्रम घासतोय. त्याला वाटलं मी कुठल्या वाद्याबद्दल बोलतोय.

मिश्किल_मावशी
ॲव्हरेज किती देते ते आधी विचारायचं होतं ना. शनिवारी गॅरेजला टाका, आणि तो वीस मिनिटं खिशात हात घालून उभा राहिला तर पैसे देऊ नका.

नट_बोल्ट
उलट तसा कोणी भेटला तर पत्ता इथे टाका.